मुक्कामाला आलेले गुरुजी

जव्हारजवळच्या शिरपामाळावर शिवाजी महाराज थांबले ते 1664 साली, सुरतेच्या वाटेवर. जव्हारच्या राजाने तिथे त्यांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला आणि त्यावरून माळाला हे नाव पडलं, असं सांगतात. एका मुक्कामाची आठवण साडेतीनशे वर्षं टिकली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दोन-दोन, तीन-तीन वर्षं राहून गेलेल्या गुरुजींची नावं मात्र पुढच्या वर्गाला माहीत नसतात. यात गुरुजींना दोष देणं सोपं आहे, पण मला तो चुकीच्या माणसावर ठेवलेला वाटतो. मास्तर जातात याहून मोठी अडचण ही, की ते गेल्यावर शाळा धरून ठेवणारं कोणी उरत नाही.

शिक्षकाच्या जाण्याची सोय नियमातच आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या 2017 च्या बदली धोरणाने अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेल्या शिक्षकाला बदलीचा अधिकार दिला. हेतू न्यायाचाच होता, डोंगरातली नोकरी एकाच्याच वाट्याला का? पण तीच तीन वर्षं मुलांच्या बाजूने मोजून पाहावीत. बीड-लातूरकडून आलेल्या तरुणाचं पहिलं वर्ष वारली, कोकणा, कातकरी घरांतली बोली कानावर बसण्यात जातं. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर निघतो. कोणतं पोर आईबापांबरोबर गेलं आणि कोणतं आजीपाशी राहिलं, कोणाचं नाव हंगामी वसतिगृहात घालायचं आणि कोणाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यायचं, याचा अंदाज येईतो दुसरं वर्ष संपतं. तिसऱ्या वर्षी गुरुजी खरे कामाचे होतात, आणि नेमके तेव्हाच बदलीचे अर्ज सुटतात. पहिलीत आलेलं मूल पाचवीतून बाहेर पडेपर्यंत हे चक्र दुसऱ्यांदा सुरू झालेलं असतं.

अशा वेळी मुख्याध्यापकाने सांधा जुळवायचा. पण तो आहे कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद मिळतं ते पट दीडशेच्या वर गेल्यावर. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक. पाड्यावरच्या शाळेचा पट बहुधा याच घरातला, तेव्हा दोघांतला ज्येष्ठ तो ‘प्रभारी’. म्हणजे वर्ग त्याचाच, शिवाय पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाइन माहिती, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका आणि तालुक्याच्या फेऱ्याही त्याच्याच. कार्यालयातल्या फलकावर ‘मुख्याध्यापक’ लिहिलेलं असतं, पण कायद्याच्या लेखी ती खुर्ची नाहीच. वरचा आधार केंद्रप्रमुखाचा. त्याच्याकडे एका शाळेचं नव्हे, शाळांच्या गटाचं काम.

याच जिल्ह्यात पश्चिमेला, वसईच्या ख्रिस्ती पट्ट्यात, प्रश्न उलटा दिसतो. तिथल्या चर्चच्या शाळांना राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाचं संरक्षण आहे, आणि महाराष्ट्राच्या 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने अल्पसंख्य शाळेचा प्रमुख आणि आणखी तीन जणांची नेमणूक व्यवस्थापनाच्या मर्जीवर सोडली आहे. म्हणजे इथे खुर्ची भक्कम. पण त्या खुर्चीत फादर किंवा सिस्टर बसली असेल तर तिची बदली धर्मप्रांताच्या नाहीतर धर्मसंघाच्या आदेशाने होते आणि अनुदानित तुकड्यांवरचे शिक्षक तिथेच राहतात. विनाअनुदानित तुकड्यांवर पगार तुटपुंजा, त्यामुळे सरकारी नोकरी लागली की माणूस निघालाच. डोंगरात माणसं बदलतात आणि पद नसतं. किनाऱ्यावर पद असतं, त्यावरचं माणूस वरून बदलतं. भरडलं जातं ते दोन्हीकडे मूलच.

यावर कोणी म्हणेल, स्थानिक आदिवासी उमेदवारच भरा, म्हणजे कोणी जाणार नाही. पेसा, म्हणजे अनुसूचित, क्षेत्रातली भरती याच विचाराने सुरू झाली आणि मला तो विचार पटतो. पण घर जवळ असलेला शिक्षकही एकटा पडला की थकतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: एकच माणूस वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटला तर शाळा त्याची जहागीर होते. होते, नाही असं नाही. म्हणून टिकण्याबरोबर कामही पाहावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला नेलं. अनुताई 1992 पर्यंत, अखेरपर्यंत, त्यातच राहिल्या. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. अशी कल्पना सुचायला त्या पोरांचा दिवस कसा जातो हे ठाऊक असावं लागतं, आणि ते तीन वर्षांच्या हिशेबात बसणं कठीण.

प्रत्येक शाळेला अनुताई मिळणार नाहीत, हे उघड आहे. तीन वर्षांनी जाण्याचा हक्कही काढून घेऊ नये. नवराबायको दोन जिल्ह्यांत ठेवून कोणाचं शिकवण्यात लक्ष लागत नाही. पण दोन-तीन पाड्यांच्या शाळा मिळून एक पूर्णवेळ मुख्याध्यापक देता येईल, ज्याच्याकडे वर्ग नसेल आणि ज्याची बदली शिक्षकांच्याच वर्षी होणार नाही. निदान चार्ज देण्याघेण्याची रीत तरी बदलावी. आज जाणारा प्रभारी कपाट, खुर्च्या, तांदळाच्या गोण्या, कुलूप-किल्ल्या यांची यादी करून सह्या घेतो. भट्टीवर गेलेली मुलं कोणती, त्यांचे आईबाप कोणत्या भट्टीवर उतरतात आणि होळीला कोण परत येतं, याचा रकाना त्या यादीत नाही.