थायरॉइड, मद्य आणि दिल्लीची थंडी

दिल्लीत लग्नसराई आणि थंडी या दोन्ही हातात हात घालून येतात. कार्तिकी एकादशी उलटली, की छत्तरपूरच्या फार्महाउसपासून गुरुग्राम, नोएडा, गाझियाबादच्या बँक्वेट हॉलपर्यंत रोषणाई सुरू होते. विवाहाच्या आदल्या संध्याकाळचा कॉकटेलचा कार्यक्रम अनेक घरांत आता मेहंदी-संगीताइतकाच ठरलेला असतो. उघड्या हिरवळीवर शेगड्या धगधगत असतात, धुके खाली उतरत असते आणि यजमान आग्रह करीत असतो, "इतनी ठंड में एक तो बनता है।"

अशा मेळाव्यात पन्नाशीच्या आसपासचा एखादा पाहुणा हमखास आढळतो. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत दोन लहान पेग घेऊनही तो सहज गप्पा मारीत असे. यंदा मात्र अर्ध्या पेल्यातच त्याचे डोळे जड होतात, जीभ अडखळते आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत डोके उतरत नाही. मित्र त्याच्या वयाची थट्टा करतात. तो स्वतः बाटलीला दोष देतो, माल नकली असावा असे म्हणतो आणि पुढच्या वेळी छाप बदलून पाहतो. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून बसलेल्या फुलपाखराच्या आकाराच्या ग्रंथीकडे कोणाचेही लक्ष जात नाही.

थायरॉइड ग्रंथीचे काम शरीराच्या भट्टीची आच राखण्याचे आहे. तिच्यातून पाझरणारी संप्रेरके कमी पडली, की पेशी प्राणवायू कमी वापरतात, उष्णता कमी निर्माण होते, हृदयाची गती मंदावते, आतडी सुस्तावतात आणि विचारांनाही जडत्व येते. थकवा, झोपाळूपणा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, वाढते वजन आणि न सोसणारी थंडी ही या कमतरतेची परिचित लक्षणे होत. ती इतक्या सावकाश येतात, की रुग्णाला आपण बदललो आहोत हेच उमगत नाही.

आता या मंदावलेल्या शरीरात मद्य आले तर काय होते? भारतीय बनावटीच्या व्हिस्कीत किंवा रममध्ये सामान्यतः ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगात साधारण दहा ग्रॅम. निरोगी प्रौढाच्या यकृताला एवढे निस्तरायला तासभर किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. दिल्ली-पंजाबात अभिमानाने भरला जाणारा 'पटियाला पेग' १२० मिलिलिटरच्या घरात जातो. एका पेल्यात चार पेलेच ते! यकृत प्रथम मद्याचे असेटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि नंतर निरुपद्रवी असेटेटमध्ये रूपांतर करते. या कामात गुंतले असताना ते रक्तात नवी साखर सोडण्याचे काम मागे टाकते. थायरॉइड कमी असलेल्या व्यक्तीत साखर तयार होण्याची क्रिया मुळातच धिमी असू शकते. त्यामुळे उपाशीपोटी घेतलेला पेला अशा माणसाला अधिक गळून टाकतो.

तथापि खरा भार यकृतापेक्षा मेंदूवर पडतो. मद्य हे उत्तेजक नसून गुंगी आणणारे द्रव्य आहे. जो मेंदू आधीच अर्धवट पेंगुळलेला आहे, त्यावर ही दुसरी गुंगी चढते. थायरॉइडची कमतरता असलेल्यांना झोपेच्या गोळ्या आणि तीव्र वेदनाशामके जपून द्यावीत, हा वैद्यकातील जुना दंडक याच कारणासाठी आहे. त्यात झोपेचाही प्रश्न आहे. कमतरता वाढली, की जीभ आणि घशातील ऊती सुजतात, घोरणे वाढते आणि झोपेत श्वास अडकू लागतो. मद्याने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. 'एका पेल्यात दुसरा दिवस वाया गेला' ही तक्रार अनेकदा रात्रभर खंडित झालेल्या श्वासाची आणि झोपेची असते. 'थायरॉइडमुळे मद्य न सोसणे' या नावाचा स्वतंत्र आजार वैद्यकाच्या पुस्तकांत नाही, पण तो नाही म्हणून रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही.

हा विषय दिल्लीशी जोडण्यास थंडीखेरीज आणखी एक कारण आहे. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाचा पट्टा आहे, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली. राजधानी मात्र या पट्ट्याबाहेर समजली जात असे. त्या समजाला धक्का दिला तो अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे 'एम्स'मधील संशोधकांनी. दिल्लीतील गलगंडावरचा त्यांचा निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या चमूत डॉ. एन. कोचुपिल्लई यांच्यासह डॉ. चंद्रकांत पांडव आणि डॉ. एम. जी. करमरकर ही मराठी वाचकाला ओळखीची वाटणारी नावेही होती. डॉ. पांडव यांनी पुढे आपले आयुष्य आयोडीनयुक्त मिठाच्या प्रसाराला वाहिले आणि २०२१ मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी ठरले.

मिठात आयोडीन आले, गलगंड ओसरला, परंतु थायरॉइडची कमतरता गेली नाही. आज मोठ्या शहरांत तिचे प्रमुख कारण शरीराची स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलेली प्रतिकारशक्ती हे आहे. देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे अकरा टक्के व्यक्तींमध्ये ही कमतरता आढळली. मुंबई, गोवा, चेन्नई या किनारी शहरांपेक्षा दिल्लीसारख्या आतल्या शहरांत हे प्रमाण अधिक होते. शंभरांपैकी तीन-साडेतीन जणांना तर तपासणी होईपर्यंत आपल्या आजाराची कल्पनाही नव्हती. दिल्लीच्या त्या हिरवळीवर तीनशे पाहुणे असतील, तर हे प्रमाण किती जणांचे होते याचा हिशेब बँकेच्या वाचकांना सांगायला नको.

या न कळलेल्या रुग्णांच्या बाबतीत मद्य एक वेगळाच घोटाळा करते. थायरॉइडची तीव्र कमतरता आणि दीर्घकाळचे मद्यपान यांच्या खुणा विलक्षण सारख्या असतात. चेहरा सुजट दिसणे, आवाज घोगरा होणे, बोलणे जड आणि संथ होणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा, उदासी अशी ही यादी वाचून दोन्हींपैकी कोणताही तर्क करता येईल. लंडनचे वैद्य सर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये या आजाराचे पहिले तपशीलवार वर्णन केले. जीभ तोंडात मावेनाशी झाल्यासारखे रुग्णाचे उच्चार होतात, ही गोष्ट त्यांनी तेव्हाच टिपली होती. लहान मेंदूवर परिणाम झाला तर रुग्णाची चालही झोकांड्या खाल्ल्यासारखी होते.

प्रयोगशाळेचा अहवालही गोंधळात भर घालतो. तांबड्या पेशींचा आकार मद्यपींमध्ये वाढतो, तसाच थायरॉइड कमी असतानाही वाढू शकतो. 'एसजीओटी' हे विकर वाढलेले दिसले, की संशय थेट यकृतावर आणि तेथून बाटलीवर जातो. प्रत्यक्षात थायरॉइडच्या रुग्णात ते स्नायूंतून रक्तात उतरलेले असू शकते. अशा वेळी 'सीपीके' ही स्नायूंची तपासणी केली, तर उलगडा होतो. यकृतावर चरबी, रक्तात वाढलेले कोलेस्टेरॉल हेही दोन्हीकडे सामाईकच.

याचे परिणाम नुसते वैद्यकीय नसतात. नोटा मोजताना ज्याचा हात कधी अडखळला नाही, असा रोखपाल आताशा दोनदोनदा मोजू लागतो. दुपारी काउंटरवर त्याला डुलकी लागते, जड जिभेने तो ग्राहकाशी बोलतो. मग शाखेत कुजबुज सुरू होते. ज्याने आयुष्यात थेंबही घेतला नाही त्याच्याकडेही सहकारी त्या नजरेने पाहू लागतात. क्वचित घेणारा असेल, तर मग निकालच लागला. नागपूर-पुण्याहून बदली होऊन दिल्लीला आलेला अधिकारी पहिल्या हिवाळ्यात कुडकुडतो तेव्हा 'अजून सवय नाही' एवढ्यावर त्याची बोळवण होते. आणि स्त्रियांच्या बाबतीत उलटा अन्याय घडतो. हा आजार पुरुषांपेक्षा त्यांच्यात कितीतरी अधिक, परंतु डॉक्टर संकोचाने मद्याविषयी विचारीत नाहीत आणि त्या संकोचाने सांगत नाहीत. पहिली शंका घ्यायची ती 'टीएसएच' या साध्या रक्ततपासणीची. ही शंका घ्यायला कोणाच्या चारित्र्याची चौकशी करावी लागत नाही.

दिल्लीच्या थंडीत हाच घोटाळा जिवावर बेतू शकतो. १ जानेवारी २०२१ रोजी पहाटे सफदरजंग वेधशाळेत १.१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. ३१ डिसेंबरच्या रात्री गच्चीवर किंवा हिरवळीवर रमणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. दारूने ऊब येते हा समज पक्का रुजलेला आहे. वस्तुतः मद्यामुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, गालांना उष्णता जाणवते आणि शरीराच्या गाभ्यातील ऊब बाहेर निसटते. निरोगी माणसाचे शरीर हा तोटा भरून काढते. ज्याची भट्टीच मंद आहे, त्याच्याकडे भरपाईची सोय नसते.

दीर्घकाळ उपचाराविना राहिलेल्या, विशेषतः वयस्कर रुग्णांत थंडी, फुप्फुसाचा संसर्ग किंवा गुंगी आणणारे द्रव्य यांपैकी एखादे निमित्तही पुरते. रुग्ण गाढ सुस्तीत जातो, श्वास संथ होतो, अंग गार पडते. या अवस्थेला 'मिक्सिडीमा कोमा' म्हणतात. अतिदक्षता विभागात उपचार मिळूनही या अवस्थेतील अनेक रुग्ण दगावतात. घरातील नेहमीचा तापमापक ३५ अंशांच्या खाली मोजतच नाही, त्यामुळे संसर्ग असूनही घरच्यांना 'ताप नाही' याचाच दिलासा मिळतो. आणि त्या रात्री पार्टी झाली असेल, तर 'चढली आहे, झोपू द्या' म्हणून पांघरूण घातले जाते. हलवूनही नीट जागा न होणारा, थंडगार अंगाचा माणूस झोपलेला नसतो. अशा वेळी ११२ वर दूरध्वनी करून रुग्णालय गाठणे आणि थायरॉइडचा आजार असल्यास तो आवर्जून सांगणे, यात मिनिटे मोलाची असतात.

ज्यांचा आजार कळलेला आहे आणि जे नियमित गोळी घेतात, त्यांच्यासाठी चित्र पुष्कळच निराळे आहे. थायरॉक्सिनची गोळी आणि मद्य यांची काही औषधांसारखी थेट विषारी प्रतिक्रिया होत नाही. टीएसएच योग्य पातळीवर आला, की सोसण्याची ताकदही बहुधा पूर्ववत होते. तरीही न सोसत असेल, तर यकृत, रक्तक्षय, झोपेतील श्वास आणि इतर औषधे यांकडे वळावे. म्हणून मद्य घेण्यास कोणी दाखला देत आहे असे नव्हे. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. बेताने मद्य घेणाऱ्यांत थायरॉइडची कमतरता कमी आढळते, असा निष्कर्ष २०१२ मध्ये डेन्मार्कमधील एका अभ्यासाने काढला होता आणि त्याचा दाखला देणारे महाभाग पार्ट्यांत भेटतात. तो निष्कर्ष आजार होण्यापूर्वीच्या सवयींविषयी होता. झालेला आजार पेल्याने बरा होतो असे त्यात कोठेही नाही. उलट दीर्घकाळच्या अतिमद्यपानाने थायरॉइड संप्रेरकांची पातळी घटते.

गोळीच्या बाबतीत मंडळी एक चमत्कारिक चलाखी करतात. संध्याकाळी घ्यायची आहे म्हणून सकाळची गोळी टाळतात. या औषधाचा अर्धा अंश शरीरातून जाण्यास सुमारे एक आठवडा लागतो. एका दिवसाच्या खाड्याने संध्याकाळपुरते काहीच साधत नाही आणि लग्नसराईभर असे खाडे पडले, की पातळी मात्र घसरते. रात्री उशिरा परतलेला पाहुणा सकाळी उठून गोळी आणि चहा एकदमच घेतो, वर आम्लपित्ताचे औषध. यांपैकी प्रत्येक गोष्ट गोळीचे शोषण कमी करू शकते. गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत तर चार तासांचे अंतर हवे. दिल्लीकरांनी आणखी एक पथ्य पाळावे. उन्हाळ्यात गाडीच्या कप्प्यात विसरलेली बाटली उष्णतेने निस्तेज होते, ती डॉक्टरांना न विचारता पुढे चालवू नये.

मात्रा नव्याने सुरू केली किंवा बदलली, की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. हृदयविकार असलेल्यांना आणि वृद्धांना अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करावी लागते, म्हणून त्यांना अधिक धीर धरावा लागतो. जानेवारीत सुरू केलेल्या गोळीचा पहिला अहवाल होळीच्या आसपास हाती येतो. तोवर दिल्लीतल्या शेगड्या माळ्यावर गेलेल्या असतात.