पहिला घोडा घेताना: विकणाऱ्याचं मौन आणि आपला प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण आमच्याजवळ येऊन थांबला. घरी कोरडवाहू शेती, कापूस. लग्नसराईत घोडी लावायचा जोडधंदा करावा आणि त्यासाठी यंदाच्या कापसाच्या पैशातून एक घोडी घ्यावी, असं त्याच्या मनात आहे. म्हणाला, "सर, दातं तं पाहता येतात मले. बाकी काय पाहाचं?"

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आम्हाला घोड्याचं काय विचारायचं, असं तुम्ही म्हणाल. पण त्याच्या प्रश्नाच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. समोरच्याला माहीत आहे आणि मला माहीत नाही, अशा वेळी मी काय करावं? त्यानं सांगावं ही त्याची जबाबदारी, की मी विचारावं ही माझी?

सिसेरो या रोमन विचारवंतानं हाच वाद मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला ठाऊक आहे. ते सांगितलं तर भाव पडेल. त्यानं सांगावं का? अँटिपाटर म्हणतो, सांगावं. डायोजेनीस म्हणतो, खोटं बोलू नये, पण सगळं सांगायला तो बांधील नाही. सिसेरो स्वतः सांगावं या बाजूचा.

आपल्या कायद्यानं या वादात काय धरलं आहे, ते पाहण्यासारखं आहे. 1872च्या भारतीय करार कायद्याचं कलम 17 फसवणुकीबद्दल आहे, आणि तिथली बहुतेक उदाहरणं चक्क घोड्याचीच आहेत. पहिलं उदाहरण: अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे अ ला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. दुसरं: ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळे सांगणं हे अ चं कर्तव्य ठरतं. तिसरं फार महत्त्वाचं. ब म्हणतो, "तुम्ही नाही म्हटलं नाही, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालतो." अ गप्प राहतो. आता मात्र त्याचं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच धरलं जातं.

पहिल्या आणि तिसऱ्या उदाहरणात घोडा तोच, खोट तीच, विकणाराही तसाच गप्प. फरक पडला तो घेणाऱ्याच्या एका वाक्यानं. म्हणून आमचा पहिला सल्ला: मनातली शंका मनात ठेवू नका, मोठ्यानं विचारा. घोडी कधी लंगडली होती का? पोटशूळ झाला होता का? चावते का, लाथ मारते का? बँड आणि फटाके सहन करते का? सध्या कुठलं औषध चालू आहे? कशासाठी विकताय? हे साक्षीदारांसमोर विचारा. उत्तरं कागदावर उतरवा, तारीख घाला, सही घ्या.

त्या कागदावर घोडीचं वर्णनही हवं. रंग, पांढरे पाय, कपाळावरची चांदणी, अंगावरचे भोवरे. बाजारात भोवऱ्यांचं मोठं शास्त्र चालतं. देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ, चारही पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याण. यावर किंमत चढते-उतरते, म्हणून ते ठाऊक असावं. पण केसांच्या वळणावरून जनावराचं आरोग्य किंवा स्वभाव कळत नाही. भोवऱ्याचा खरा उपयोग ओळख पटवण्यासाठी. नशिबाच्या खुणेसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पण विचारलं म्हणजे झालं, असंही नाही. त्याच कायद्याच्या कलम 19 मध्ये एक अपवाद आहे. साधारण काळजी घेतली असती तर खरं कळण्याची सोय घेणाऱ्याला होती, अशा वेळी समोरच्याच्या मौनाकडे बोट दाखवून करार मोडता येत नाही. म्हणजे विचारणं जसं आपलं काम, तसंच पाहणंही आपलंच.

आता पाहायचं काय? दातांपासून सुरू करू. आपली नजर बैलावर तयार झालेली: दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. बैलाला समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात. घोड्याला वर सहा, खाली सहा. दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडी-जोडीनं बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. पुढे खालच्या दातांवरचे खळगे झिजत जातात. मधल्या जोडीचे सहाव्या, त्यापुढच्या जोडीचे सातव्या, कडेचे आठव्या वर्षाच्या सुमारास. त्यानंतर दातांवरून सांगितलेलं वय हा अंदाजच. आणि दात कोरून, काळे करून वय चोरण्याची युक्ती फार जुनी आहे. तेव्हा आमच्या तरुण मित्राची दातांची परीक्षा उपयोगी आहे, पण पुरेशी नाही.

दातांनंतर चाल. घोडी कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून पाहा. पुढच्या पायात दुखत असेल, तर तो पाय टेकताना ती डोकं वर उचलते. मात्र वेदनाशामक सुई टोचून लंगडेपणा काही काळ झाकता येतो, आणि दमवून किंवा औषध देऊन तापट जनावर गरीब दाखवता येतं. म्हणून एकदा पाहून सौदा करू नका. दुसऱ्या दिवशी, न सांगता जा. बांधलेली घोडी सोडणं, लगाम चढवणं, खुर उचलणं हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्या. आधी विकणाऱ्याला बसायला सांगा, मग आपण बसा. बँडसमोर उभी करून पाहायला तर विसरूच नका. हिच्यावर उद्या कुणाचा तरी मुलगा नवरदेव म्हणून बसणार आहे.

डोळ्यांना न दिसणारंही काही असतं. ग्लँडर्स हा घोड्याचा भयंकर संसर्गजन्य रोग. तो माणसालाही होतो. तपासणीत बाधित ठरलेलं जनावर नियमानुसार मारावं लागतं. त्यासाठी रक्ताची तपासणी हवी. हरियाणात हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे ती होते. नमुना पशुवैद्यकामार्फत जातो. पशुवैद्यक आपण निवडलेला असावा, विकणाऱ्यानं आणलेला नव्हे. फी आपण देतो तेव्हा तो आपल्या बाजूनं पाहतो.

तिसरा प्रश्न स्वतःला. घोडं पंचवीस-तीस वर्षं जगू शकतं. 400 किलोच्या जनावराला रोज सहा ते आठ किलो कोरडा चारा लागतो, पाणी पंचवीस-तीस लिटर, आणि आपल्या यवतमाळच्या मे महिन्यात त्याहून जास्त. लग्नाच्या तिथी संपल्या तरी तिची भूक संपत नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरं साळावी लागतात. बैलांचा नालबंद घोड्याच्या खुराला चालेलच असं नाही. घोड्याला ओकारी करता येत नाही, म्हणून बुरशीचा कडबा किंवा खाद्यातला अचानक बदल जिवावर बेततो. गायी-म्हशींच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असतं. ते घोड्याला विषच. रात्री दोन वाजता पोटशूळ उठला, तर घोड्याचा उपचार जाणणारा डॉक्टर किती किलोमीटरवर आहे? याचं उत्तर घोडी घेण्याआधी शोधा.

आणि नवख्या माणसानं शिंगरू घेऊ नये. स्वस्त मिळतं, देखणं असतं, पण दोघांपैकी एकाला तरी काम आलं पाहिजे. आठ ते पंधरा वर्षांची, मिरवणुकीला सरावलेली, शांत घोडी बरी.

त्या तरुणाला आम्ही एवढंच सांगितलं. या हिवाळ्यात नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेला जा, जमलं तर दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्यालाही जा. दोन्हीकडे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दिवसभर हिंड, जनावरं पाहा, सौदे ऐक, जाणत्या माणसांशी बोल. पण या पहिल्या खेपेला पैसे घरी ठेवून जा. खिशात कापसाचे पैसे असले की माणूस विचारायचं विसरतो.

तो हसला. म्हणाला, "मंग पुढच्या साली घेतो, सर." घेईल तेव्हा तो कागद आम्हाला दाखवायला आणणार आहे.