शेतात सापडलेली गोळी: किती जुनी, आणि जिवंत आहे का?

मे महिन्याची सुट्टी संपली आणि आमच्या इंद्रलोकमधला एक विद्यार्थी कंपासपेटीत दोन वस्तू घेऊन वर्गात आला. त्याचं गाव जालना जिल्ह्यात, असईच्या बाजूला. काकांनी नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवला होता. “सर, ही टिपू सुलतानच्या काळातली आहे ना?”

टिपू सुलतान १७९९ मध्येच शहीद झाले. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, एका बाजूला वेलस्लीची कंपनी फौज, दुसऱ्या बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले. पहिली वस्तू त्या काळातली असू शकते. गोल, बोराएवढी, आकाराच्या मानाने चांगलीच जड. वर पांढुरकी खपली, म्हणजे शिसं. लोखंड असतं तर तांबूस गंज असता आणि चुंबकाला चिकटलं असतं. मधून बारीक रेघ दिसली, ती साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची. इंग्रजी मस्केटची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर जाडीची, वजन ३० ग्रॅमच्या आसपास. पण शिंद्यांच्या कवायती पलटणींकडेही तशाच धाटणीच्या बंदुका होत्या, त्यामुळे गोळी कोणाची हे नुसत्या मापावरून ठरवणं अवघड. चपटी झाली असेल तर कुठेतरी आदळलेली. आरपार भोक असेल तर मात्र ती गोळी नसून मासेमारीच्या जाळ्याचं वजन असण्याची शक्यता जास्त. आपल्या उत्तनला अशी ढिगाने मिळतील.

टोकाला निमुळती आणि बुडाला पोकळ शिशाची गोळी असेल तर काळ पुढे सरकतो: १८५३ ची एनफिल्ड रायफल. चरबीच्या काडतुसांवरून १८५७ मध्ये भडका उडाला, ती हीच.

दुसरी वस्तू पाहून माझे हात थंड पडले. पितळी काडतूस, पुढे गोळी तशीच बसलेली. बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचा माल. तो कारखाना १८६९ चा, म्हणजे असईच्या लढाईशी याचा संबंध नाही. मुलगा म्हणाला, “जुनं आहे सर, फुटणार नाही.” तसं नसतं. दारू अनेक वर्षं टिकते. बुडाच्या टिकलीवर खड्डा दिसला तरी गोळी जागेवर असेल तर जिवंतच समजा. घासू नका, पक्कडीत धरू नका, गरम करू नका. जिथे आहे तिथे ठेवा आणि ११२ ला फोन करा. विनापरवाना जिवंत काडतूस बाळगणं हा शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हाही आहे.

शिशाची गोळी हाताळल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. संरक्षित किल्ल्यावर किंवा स्मारकाच्या आवारात खोदकाम करायचंच नाही. आणि स्वतःच्या शेतात दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही निघालं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही.

काडतूस त्याच दिवशी पोलिसांनी नेलं. गोल गोळी काकांकडे परत गेली. ती शेताच्या कोणत्या कोपऱ्यात, किती खोल मिळाली, हे मी मुलाला फोनवर विचारून वहीत लिहायला लावलं.