खाद्यासाठी झुरळे : कोणती पाळावी व कोणती पाळू नये

जनावर निवडताना शेतकरी तीन गोष्टी पाहतो : ते काटक असावे, थोडक्या चाऱ्यावर निभावणारे असावे आणि त्याची वीण चांगली असावी. बैल, म्हैस, शेळी वा कोंबडी यांस ही कसोटी यथायोग्य लागू पडते. परंतु कोंबड्यांच्या खाद्याकरिता कोणी झुरळे पाळू म्हणेल, तर तीच कसोटी त्याचे घर बुडविल्याशिवाय राहणार नाही. हे आम्ही ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. पदरचे नुकसान सोसून शिकलो आहो.

झुरळांविषयी आम्हांस मुळीच प्रेम नाही. महसूल कचेरीच्या दप्तरखान्यात आमचे बहुतेक आयुष्य गेले, आणि जुन्या वह्यांच्या बांधणीची खळ खाऊन झुरळांनी पुठ्ठे सुटे केलेले आम्ही नित्य पाहत असू. तथापि किळस बाजूस ठेविली असता ही कल्पना अगदीच निराधार नाही. जगात झुरळांच्या साडेचार हजार जाती मोजल्या आहेत. त्यांपैकी मनुष्याच्या घरात शिरणाऱ्या सुमारे तीसच. बाकीच्या रानात कुजका पाला खाऊन राहतात. झुरळाच्या अंगी प्रथिने विपुल असून कोंबडी ते मोठ्या आवडीने खाते. चीन देशातील जिनान शहरी २०१८ साली सुमारे शंभर कोटी झुरळांस रोज पन्नास टन खरकटे घालून पुढे त्यांचे जनावरांसाठी खाद्य करण्याचा कारखाना चालत होता. पण त्याच देशात, जिआंग्सू प्रांतातील दाफेंग येथे, ऑगस्ट २०१३ मध्ये झुरळपालनाचे एक प्लास्टिकगृह फुटले आणि निदान दहा लाख झुरळे आसपासच्या शेतांत पसरली. या दोन बातम्या एकत्रच वाचाव्या. आम्ही पहिली वाचली व दुसरी वाचली नाही.

सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही चाळीस गावठी कोंबड्या ठेविल्या. बाजारचे खाद्य परवडेना. सबब घरातलीच मोठी तांबडी झुरळे धरून पत्र्याच्या पिंपात सोडली. कोंडा व भाजीचे देठ यांवर ती झपाट्याने वाढली. या जातीची मादी दर खेपेस सुमारे पंधरा अंड्यांची एक कुपी टाकते, व अशा कुप्या ती वरचेवर टाकीत राहते. आम्ही मनात खूष होतो. एके रात्री पिंपाचे झाकण नीट बसविले नाही. तो दोष सर्वस्वी आमचा. त्याच खोलीत आमच्या चुलतभावाने मुलीच्या लग्नासाठी राखलेले बन्सी गव्हाचे दोन पोते ठेव म्हणून आणून ठेविले होते. त्याने पोती उघडली तेव्हा आत घाण, कुप्या आणि दुर्गंधी. तो एवढेच म्हणाला, “दादा, अंडी किती मिळाली ते मला सांगू नका. लग्न पंधरा दिवसांवर आले आहे. पाहुण्यांस काय वाढू ते सांगा.” आम्ही बाजारातून गहू घेऊन दिला. परंतु त्याच्या शेतचा गहू आम्हांस परत देता आला नाही.

घरात धान्य व अंगणात कोंबड्या, म्हणून विषारी फवाराही मारता येईना. टाकणखार नव्हे, तर बोरिक अ‍ॅसिड, कणीक व साखर यांच्या गोळ्या कोंबड्यांस व मुलांस न सापडतील अशा सांदीत ठेवून कित्येक महिने झगडावे लागले. नोकरीत आम्ही बेकायदा कब्जे पुष्कळ पाहिले. इतका चिवट कब्जेदार पाहिला नव्हता.

आता जातींचा विचार करू. घरचे तांबडे झुरळ गुळगुळीत भिंत चढते, धावते आणि घरातच वस्ती करते. ते सर्वथा वर्ज्य. लहान जर्मन झुरळ त्याहून वाईट. खतांच्या ढिगाखाली मातीत राहणारे सुरिनाम झुरळ कोंबड्या स्वतःच उकरून खातात, पण तेही पाळू नये. त्याची मादी नरावाचून प्रजा करिते, म्हणून एक सुटली तरी वस्ती होते. शिवाय ते रोपांच्या मुळ्या व साली कुरतडते. मुख्य म्हणजे कोंबड्यांच्या डोळ्यांतील कृमीचा प्रवास याच झुरळातून होतो : कृमीची अंडी विष्ठेतून पडतात, झुरळ ती खाते, झुरळास कोंबडी खाते, आणि कृमी घशावाटे डोळ्यात चढतो. ज्यांच्या कोंबड्यांचे डोळे सुजून पाझरतात त्यांनी खुराड्यातील दमट घाण प्रथम काढावी.

मादागास्करचे बिनपंखी झुरळ श्वासाच्या छिद्रांतून फुसकारते. हौशी लोक ते आवडीने पाळतात. परंतु ते काच चढते, आणि कोंबड्यांसाठी त्यात किफायत नाही.

खाद्यासाठी गुणाने उत्तम म्हणजे दक्षिण अमेरिकेतील दुबिया. ते गुळगुळीत भिंत चढू शकत नाही. मादीस पंखांचे नुसते खुंट असतात, नर उडतो म्हणण्यापेक्षा फडफडतो. मादी एका वेळी वीस ते तीस पिले देते. ती वयात येण्यास चार-सहा महिने लागतात. थंडीत त्याची वीण थांबते, म्हणून थंड देशांत ते निर्धोक. आमच्या उष्ण मुलखास हे आश्वासन लागू नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा या उष्ण राज्यात दुबिया पाळण्यास मनाई आहे. तेथील लोक आधीच तेथे रुजलेले डिस्कॉइड झुरळ ठेवितात. आपल्याकडेही २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशान्वये परदेशातून जिवंत कीटक आणण्यास परवाना लागतो. कोणी विकावयास आणले, तर परवान्याचा कागद आधी पाहावा. नसल्यास घेऊ नये.

कायदेशीर मार्गाने कोणी ठेवलेच, तर पेटी घर व धान्य यांपासून दूर असावी, आतून काठाखाली चार बोटे व्हॅसलीनचा पट्टा असावा आणि झाकणास बारीक जाळी असावी. पेटी झाडताना नाकातोंडास फडके बांधावे, कारण झुरळांच्या विष्ठेच्या धुळीने दमा उसळतो. झुरळात चुना कमी असतो. अंड्यावरील कोंबड्यांस शिंपल्यांचा चुरा वेगळा द्यावा. घरात धरलेले झुरळ मात्र कोंबडीस कधीही घालू नये. ते शेजारच्या घरी विष खाऊन आलेले असू शकते.

राहता राहिले दक्षिण भारताच्या झुडपी रानातील काळे झुरळ, ज्याच्या पाठीवर सात पांढरे ठिपके असतात. एका नातलगाच्या मळ्यात पालापाचोळ्याखाली ते आम्ही नातवास दाखविले. त्याची वाढ मंद, त्यामुळे खाद्यास निरुपयोगी. पण ते घरात शिरत नाही, कोणाचे धान्य नासत नाही. विचाराल तर आमचे आवडते झुरळ तेच. कोंबड्यांस आम्ही आता खतखड्ड्यावर मोकळे सोडतो, आणि दुसऱ्याची ठेव असलेल्या खोलीत कसलाही प्रयोग करीत नाही.