विश्लेषण : वाड्याचा कोरीव खांब विकताना काय लक्षात घ्यावे?

नरखेड तालुक्यात जुना वाडा उतरवायचे ठरले की बहुतेकदा पहिला फोन जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला जातो. सागाचा भाव घनफुटावर ठरतो. कोरीव खांब, दाराची चौकट, गणेशपट्टी यांचे वेगळे पैसे मिळतात. छत गळत असेल, भावाभावांत वाटण्या झाल्या असतील, तर मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र कायदा या लाकडाकडे निव्वळ जुने लाकूड म्हणून पाहत नाही.

कोरीवकाम कुठे असते?

वाडा खणांत मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. दगडी उथळ्यावर सागाचा खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, त्यावर तुळई आणि वर कडीपाट. माळ्याचा आणि छताचा बराचसा भार या सांगाड्यातून जमिनीत उतरतो. कमळाच्या पाकळ्या, केळफुले, वेलबुट्टी कोरलेली दिसतात ती याच सांगाड्यावर. हस्ताचेच पाहा. वरवर तो शोभेचा तुकडा वाटतो, पण तो तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन मधला गाळा कमी करतो. त्यामुळे ‘एवढा एक खांब द्या’ असे म्हणणाऱ्याला तो काढून देणे म्हणजे शेजारचे दोन खण अधांतरी ठेवणे.

जर्मनीतली जुनी घरे याच तत्त्वावर उभी आहेत. तिथे सागाऐवजी बहुधा ओक, आणि चौकटीच्या मधल्या जागेत काठ्यांची वीण व माती. रस्त्याकडच्या तुळयांवर फुले, चेहरे, बांधल्याचे साल कोरलेले असते. आणखी एक गोष्ट तिथले सुतार करत : प्रत्येक सांध्यावर छिन्नीने आकडा कोरत. घर सोडवले तरी कुठला तुकडा कुठे बसतो, हे त्यावरून कळते. हिल्डेसहाइम शहरातले १५२९ चे खाटिक संघाचे कोरीव घर मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. १९८७ ते १९८९ दरम्यान ते पुन्हा लाकडातच उभारले गेले. नागपूरच्या महालातील भोसल्यांच्या राजवाड्याच्या वाट्याला हे आले नाही. काळा दगड आणि भरपूर लाकडी कोरीवकाम असलेला तो वाडा १८६४ च्या आगीत गेला.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेषविषयक केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली, किमान १०० वर्षे जुनी वस्तूही येते. म्हणजे वाड्यात उभा असलेला जुना खांब बाहेर काढला की ‘पुरावशेष’ ठरू शकतो. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. वस्तू पुरावशेष आहे की नाही, याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अधिकृत अधिकारी देतो.

वाडा उतरवायचाच असेल, तर आधी प्रत्येक खणाची छायाचित्रे काढावीत, साधा नकाशा करावा आणि खांब, हस्त, तुळई यांवर रंगाने क्रमांक टाकावेत. एका दिवसाचे काम आहे. मजूर कुऱ्हाड लावण्याआधी ते उरकायला हवे.