‘बाहेरून आणा’ ही चिठ्ठी कुठून येते?

सरकारी दवाखान्यात केसपेपर निघतो, डॉक्टर तपासतात आणि शेवटी हातात एक चिठ्ठी पडते. ही औषधं बाहेरून आणा. वस्तीतल्या प्रत्येक घराला ही चिठ्ठी ठाऊक आहे. चिठ्ठी मिळाली की आपल्या बाया समोरच्या सिस्टरवर चिडतात. मी अनेक वर्षं वॉर्डात काढली आहेत. कपाटात नसलेलं औषध सिस्टर कुठून देणार? कपाट रिकामं का राहतं, हे समजायला दवाखान्याच्या बाहेर पडून थेट सरकारच्या अंदाजपत्रकापर्यंत जावं लागतं.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनं शब्द दिला होता, की २०२५ पर्यंत केंद्र आणि राज्यं मिळून देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करतील. सरकारच्याच आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये हा खर्च १.८४ टक्के होता. देशात आरोग्यावर होणाऱ्या दर १०० रुपयांतले ३९ रुपये त्या वर्षी लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४ होता, म्हणजे सुधारणा झाली हे खरं. पण ज्याच्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, त्याला ३९ रुपयेसुद्धा कर्ज काढूनच भरावे लागतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाची रक्कम ५० लाख कोटींच्या वर आहे. त्यातले आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९ हजार ८५० कोटी मिळाले. शंभरातले पुरते दोन रुपयेही नाहीत.

विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: तिजोरीत पैसा नाही. आता हे पाहा. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारनं कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला आणि नव्या कारखानदार कंपन्यांसाठी तो १५ टक्के ठेवला. यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा अंदाज सरकारनंच जाहीर केला. त्या वर्षीच्या आरोग्य मंत्रालयाच्या तरतुदीच्या दुपटीहून ही रक्कम मोठी होती. कंपन्या गुंतवणूक वाढवतील, पोरांना नोकऱ्या मिळतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे २०२३-२४ च्या सरकारी आर्थिक पाहणी अहवालातच नोंद आली, की २०२० ते २०२३ या तीन वर्षांत कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, पण नोकरभरती आणि पगार त्या वेगानं वाढले नाहीत. आपण मात्र साबणाच्या वडीवर तेवढाच जीएसटी भरतो, जेवढा कारखान्याचा मालक भरतो.

कंपन्यांचं म्हणणं सरकारपर्यंत इतक्या लवकर कसं पोचतं? याचं एक उत्तर निवडणूक रोख्यांच्या यादीत आहे. २०१८ पासून कंपन्या स्टेट बँकेतून रोखे विकत घेऊन पक्षांना देऊ लागल्या. कोणी कोणाला दिले, हे मतदाराला कळत नव्हतं. नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येईल, ही कंपन्यांवरची जुनी मर्यादाही त्याआधी काढून टाकली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ही योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर १६ हजार कोटींहून अधिक रकमेचे रोखे विकले गेले होते. सर्वांत मोठा वाटा भाजपला गेला. तृणमूल, काँग्रेस आणि भारत राष्ट्र समितीनंही रोखे घेतले. देणाऱ्यांच्या यादीत औषध कंपन्या होत्या आणि खासगी रुग्णालय चालवणारेही होते. एका रोख्याच्या बदल्यात एक निर्णय झाला, असं ही यादी सांगत नाही. पण ज्यांच्या औषधांची तपासणी सरकारनं करायची, त्यांच्याकडूनच पक्षांनी पैसा घेतला, तर आपल्या बाजूनं कोण बोलणार?

याची किंमत कशी मोजावी लागते, ते नांदेडनं दाखवलं. ऑक्टोबर २०२३ च्या तोंडावर तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असं प्रशासनानं सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयानं मात्र स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांचा आणि औषधखरेदीचा जाब विचारला.

राज्यातही हात आखडता घेतला जातो तो कमजोराच्या वाट्यावर. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळावेत, त्याला कोणाचाच विरोध नाही. पण ते भावाच्या शिष्यवृत्तीच्या खात्यातून का काढायचे?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडलं होतं, की बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा. आरोग्य ही मेहरबानी नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

मग आपण काय करायचं? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार मोफत आहेत. तिथे पैसे मागितले तर पावती मागा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा.

आणि ‘बाहेरून आणा’च्या चिठ्ठ्या फेकू नका. मेडिकलच्या बिलासकट त्या महिला मंडळात जमा करा. महिन्याच्या शेवटी बेरीज करा. वस्तीतल्या पन्नास घरांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून नगरसेवकाच्या, आमदाराच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, ‘हे औषध दवाखान्यात कधी येणार?’ उमेदवार मत मागायला दारात आला, तर आणखी एक प्रश्न विचारा: ‘तुमच्या पक्षाला पैसा कोण देतं?’ उत्तर देताना तो अडखळला, तर ते वस्तीतल्या सगळ्यांनी पाहायला हवं.