दम लागतो म्हणून बसून राहू नका, पायांत ताकद आणा



बासर, मुधोळ, निर्मलकडच्या आपल्या गावांत पन्नाशी ओलांडलेला माणूस एक दिवस म्हणतो, "जाळं ओढायला मी नाही येत, दम लागतो." मग तो बाजेवर बसतो. सहा महिन्यांनी त्याला न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागते. घरचे म्हणतात, दुखणं वाढलं. खरं तर पुष्कळ वेळा फुप्फुसाबरोबर मांड्याही कमजोर झालेल्या असतात.

या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. श्वासनळ्या आकसतात, हवा आत अडकून राहते. विडी हे मोठं कारण, पण एकमेव नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात मांडलं की धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. म्हणजे आयुष्यात कधी विडीला हात न लावलेली आपली आई, काकू, आजीसुद्धा यात येते.

आता मुद्दा असा. दम लागतो म्हणून आपण हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की स्नायू सुकतात. सुकलेले स्नायू थोड्याच कामात थकतात, त्यांना भागवायला श्वास जास्त लागतो आणि दम आणखी वाढतो. फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, पण स्नायूंची ताकद साठीतही वाढते. वजन उचलताना एका वेळी थोडेच स्नायू काम करतात, मध्ये विसावाही घेता येतो. म्हणून भरभर चालण्यापेक्षा यात दम कमी लागतो.

घरी काय करायचं?

१. खुर्चीवरून हात न टेकता उठा, सावकाश बसा.
२. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, जरा थांबा, खाली घ्या. मग दुसरा.
३. भिंतीला धरून टाचा उचला.
४. हातात पाण्याची बाटली धरून कोपरातून वाकवा. अर्ध्या लिटरपासून सुरुवात करा. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो.
५. भिंतीला हात टेकून उभ्यानेच दंड काढा.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज जमायला लागलं की वजन थोडं वाढवा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. साधारण ६ ते ८ आठवड्यांत फरक कळतो.

श्वास कोंडू नका! जाळं ओढताना आपण दम धरून जोर लावतो, ती सवय इथे सोडा. जोर लावताना शीळ घालतो तसे ओठ करून श्वास सोडा, सैल सोडताना नाकाने आत घ्या. धाप थोडी लागेलच, पण दोन शब्द बोलता आले पाहिजेत.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा घरी ऑक्सिजन लागत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय करूच नका. ताप असेल, बेडका पिवळा-हिरवा झाला असेल, दम अचानक वाढला असेल तर व्यायाम बंद ठेवून दवाखाना गाठा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला, तर तिथेच थांबा. पंपाचं औषध मनाने सोडू नका. आणि विडी सोडल्याशिवाय बाकी सगळं अर्धवट.

घरात कोणी "दम लागतो" म्हणून बाजेला धरून असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा. डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या दिवशी फक्त पाच वेळा उठ-बस करायला लावा, आणि तुम्हीही शेजारी खुर्ची मांडून त्यांच्यासोबत करा.